दोन जाळ्या आणि एक झेला

कौसाक्का,

तुझ्या दहाव्याला घाटावर दोन्ही पक्षांचे पुढारी आले होते. मांडव होता, माईक होता, प्रवचनकार थेट मंचरहून आणले होते. प्रवचन संपल्यावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एक जण तुला लढवय्या कार्यकर्त्या म्हणाला. दुसऱ्याने तालुक्याची न भरून येणारी हानी झाल्याचं सांगितलं. तिसऱ्याने तुझं नाव कमलताई असं घेतलं. मागून कुणीतरी कानात सांगितलं, तरी तो न थांबता कमलताईंनाच स्वर्गात पाठवून खाली बसला. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस.

मग सूत्रसंचालकाने पुकारलं, "आपल्या गणाच्या पंचायत समिती सदस्या आणि वहिनींच्या धाकट्या जाऊबाई सौ. रंजनाताई यांच्या वतीने त्यांचे यजमान दोन शब्द बोलतील." मी समोरच बसले होते, बायकांच्या पहिल्या रांगेत. माझा घसा बसला नव्हता, मला चक्कर आली नव्हती. पण हे उठले, माईकपाशी गेले आणि वहिनी आईसमान होत्या असं म्हणाले. वर्षभर तुझ्या ओट्याला यांचा पाय लागला नव्हता. बोलताना आवाज मात्र खरंच भरून आला होता. खोटं रडले असते तर मला सोपं गेलं असतं.

आणि कावळा. पिंड ठेवला, लोक मागे सरकले आणि कावळा लगेच शिवला. "समाधानी गेली बाई," असं सगळीकडे झालं. "हिरव्या चुड्यानं गेली, आणखी काय पायजे?" मला त्या कावळ्याचा राग आला. तो अडून बसला असता तर रीतीप्रमाणे कुणाला तरी हात जोडून विचारावं लागलं असतं, बाईची काय इच्छा राहिली म्हणून. कुणाला तरी काहीतरी कबूल करावं लागलं असतं. तू तीही वेळ आणू दिली नाहीस. एवढी घाई कशाची होती?

तिथे जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. लिहायला माईक लागत नाही.

मी या घरात आले तेव्हा तू आधीच आलेली, अवसरी बुद्रुकची, मोठ्या आवाजाची. मी निमगाव साव्याची, कमी बोलणारी. चारचौघांत मी तुला अहो-जाहो करायचे आणि गोठ्यात अगं-तुगं. हे तूच ठरवलं होतंस. "लोकांम्होरं मान दे, हितं काम दे," म्हणालीस. पुढे दोन भावांची दोन घरं झाली, पण अंगण एकच राहिलं. तिकडे तुझा गोठा, इकडे माझी रोपवाटिका. तुझ्या गाईंचं शेण माझ्या खड्ड्यात यायचं आणि माझी उरलेली टोमॅटोची रोपं तुझ्या बांधाला लागायची. वीस-बावीस वर्षांत आपण भांडलो नाही असं मी म्हणणार नाही. तुझे पोहे दर वेळी करपायचे आणि तू ते मान्य करायची नाहीस, यावरच निम्मी भांडणं झाली.

मग हे गेल्या पाडव्यापासूनचं वर्ष आलं.

पक्ष तर आधीच फुटला होता, वर मुंबईत. आपल्याला ती टीव्हीवरची गोष्ट वाटायची. तुझे यजमान म्हणजे आपले दादा आणि हे, दोघे सख्खे भाऊ, जन्मापासून एकाच झेंड्याखाली. झेंडा फाटला तेव्हा एक तुकडा दादांनी धरला, दुसरा यांनी. त्या वर्षी देशात कशावरून भांडण नव्हतं? टीव्हीवर हिंदीतून युद्ध चालायचं, मराठीतून हिंदीवर युद्ध चालायचं, देवावरून, नावावरून, आरक्षणावरून. तुमच्या घरात एक चॅनल, आमच्या घरात दुसरं. संध्याकाळी दोन्ही टीव्ही एकाच वेळी ओरडायचे आणि मधल्या अंगणात आपण दोघी लसूण सोलत बसायचो. तू म्हणायचीस, "ह्या दोन टीव्ह्यांचं लगीन लावून दिऊ. गप तरी व्हतील."

यात्रेत एका देवापुढे दोन स्टेज झाली. एका स्टेजवर दादांच्या साहेबांचा सत्कार, दुसऱ्यावर यांच्या साहेबांचा. तमाशाची सुपारी कुणी द्यायची यावर एवढं ताणलं की तमाशा आलाच नाही, आणि लोक दोन्ही सत्कार ऐकून घरी गेले. लग्नपत्रिका वाटतानाही लोक विचार करू लागले, आधी कुणाच्या घरी जायचं म्हणून.

आणि त्यातच बिबटे. बिबट्या आपल्याकडे नवीन नाही. उसात राहतो, कुत्रं उचलतो, आपण सांभाळून असतो. पण त्या वर्षी माणसं गेली. मग दिवेलागणीला दारं बंद व्हायला लागली, पोरं शाळेत गाडीने जायला लागली, आणि वावरात खुरपायला बसलेल्या बायकांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे आले, बिबट्या मान धरतो म्हणून. तू आरशात बघून म्हणालीस, "बग रंजे, एवढं वजनदार काय लग्नात बी घातलं न्हवतं." आपण हसलो. हसताना खिळे हनुवटीला टोचतात, तेही तेव्हाच कळलं.

वस्तीवर सगळ्यांनी घराभोवती उंच तारेची जाळी लावायला घेतली. आपल्या दोन घरांना मिळून एक जाळी सहज झाली असती. पण कुठल्या भावाने आधी दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलायचं, हा प्रश्न होता. शेवटी दोघांनी आपापली जाळी लावली. जुन्नरचे शकीलभाई दोन्हीकडचं काम करत होते. ते डोकं खाजवत माझ्यापाशी आले.

"वहिनी, दोन घरांत भिंत लई ठिकाणी बगितली. दोन जाळ्या समोरासमोर पयल्यांदाच लावतोय. मधी फाटक तरी ठिवा."

"मला काय सांगता, मालकांना सांगा," मी म्हणाले.

त्यांनी मालकांना सांगितलं. दादा म्हणाले, फाटक नको. हे म्हणाले, फाटक कशाला. वर्षभरात दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

अशा दोन जाळ्या उभ्या राहिल्या आणि मधे दोन हातांची पट्टी उरली, कुणाचीच नसलेली. तिथे गवत माजलं. माझ्या दारातून तुझ्या दारात यायचं तर फाट्यापर्यंत जाऊन उसाच्या कडेने पुन्हा आत यायचं. दिवस मावळल्यावर तो रस्ता कुणी धरत नव्हतं. मी गप्प बसले. तू बसली नाहीस. दुसऱ्या दिवशी आंबे उतरवायचा झेला घेऊन आलीस, लांब काठी आणि टोकाला जाळीची पिशवी. दोन्ही जाळ्यांवरून तो माझ्या डोक्यावर आला आणि त्यात झाकलेली वाटी.

"घे, पोहे हायेत."

"करपलेत."

"तुझ्या जाळीचा वास लागलाय त्यास्नी."

त्यानंतर सगळं झेल्यातूनच गेलं-आलं. कोथिंबीर, विरजण, डोकेदुखीची गोळी, तुझा चष्मा, माझी कात्री. कधी तुझ्या हातात झेला असायचा, कधी मी मागून घ्यायचे. दोन बायका आभाळातून संसार करतायत, असं येणारे-जाणारे म्हणायचे. तू मात्र झेला परत ओढताना दर वेळी म्हणायचीस, "फाटक पायजे, रंजे. झेल्यातनं मानूस येत न्हाई."

पुढे सोडत निघाली. आपला गण महिलेसाठी राखीव. ज्यांनी वर्षभर उमेदवारीसाठी गाड्यांचं डिझेल जाळलं होतं ते सगळे एका चिठ्ठीने घरी बसले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना आपापल्या बायका आठवल्या. दादांच्या पक्षाने तुझं नाव धरलं. मग यांच्या पक्षाने माझं. घरातली मतं फुटावीत म्हणून घरातलीच बाई. पेपरवाल्यांना बरं झालं, जावाजावांची लढत. फाट्यावर दोन फ्लेक्स लागले. दोन्हींवर साहेब मोठे, नवरा मध्यम आणि आपण दोघी हात जोडून कोपऱ्यात. तू झेल्याच्या काठीने तिकडे दाखवत म्हणालीस, "आपल्याला नमस्कार करताना मी पयल्यांदाच बगितलं. वळखीच्या वाटत न्हाई आपून."

आपलं खरं भांडण झालं ते अर्ज मागे घ्यायच्या दिवशी, तहसील कचेरीच्या मागे, बायकांच्या संडासाच्या दारात. जुन्नरमध्ये तेवढी एकच जागा होती जिथे आपले नवरे आणि त्यांचे कार्यकर्ते येऊ शकत नव्हते. तू माझा हात धरलास.

"चल, दोघी बी मागं घिऊ."

"मग ते तिसरीला उभी करतील."

"करू दे. आपून तरी न्हाई."

"अक्का, कुणीतरी आत गेल्याशिवाय दार उघडत नाही."

तुझ्या शेजारच्या उसापाशी वनखात्याने पिंजरा लावला होता, त्याची तुला तेव्हा आठवण झाली. "त्या पिंजऱ्यातली शेळी बगितलीस का? तिला वायला कप्पा असतोय. चारा, पानी, समदं येळच्या येळी. बिबट्या तिला खात न्हाई. लई जपत्यात तिला. पन पिंजरा तिच्यासाटी नसतोय, रंजे, आन् तिला सोडत बी न्हाईत. आत जाऊन शेळी दार उघडती व्हय?"

"शेळी उघडत नाही. मी शेळी नाही."

"बगू," म्हणालीस आणि हात सोडलास.

बाहेरून कार्यकर्ते हाका मारत होते, ताई, वेळ झाली, ताई. आपण दोघींनीही अर्ज ठेवले. मी ठेवला कारण मला ठेवायचा होता. तू ठेवलास कारण एकटीने मागे घेतला असतास तर दादांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. अक्का, मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, आपण मागे घेतलं असतं तर काहीच बदललं नसतं. तू मेलीस म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही. मेलेल्या माणसाशी भांडताना माघार घ्यायची पद्धत आहे. ती मला पटत नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू दोन्ही पक्षांनी एकाच संध्याकाळी ठेवलं. तुमच्या मांडवात एक साऊंड, आमच्यात दुसरा. दोन्हीकडे पैठणीचा खेळ. गावातल्या बायकांचे हाल काय झाले ते मी बघितले. इकडे कुंकू लावून घ्यायचं आणि पदराखाली वाण लपवून वळसा घालत तिकडे जायचं. कोण कुठे आधी गेली हे लिहून घ्यायला दोन्हीकडे माणसं उभी. मी ताट घेऊन एकेकीला कुंकू लावत होते. रांग पुढे सरकली आणि समोर तू. विरोधी उमेदवार, स्वतःचा मांडव सोडून, फाट्याच्या वळशाने चालत आलेली, गळ्यात खिळ्यांचा पट्टा तसाच.

साऊंडवाल्याने गाणं बंद केलं. हे खुर्चीवरून अर्धे उठले. तू कपाळ पुढे केलंस.

"लाव की. का मतदार यादीत नाव बगतीस माझं?"

मी कुंकू लावलं. घरातली पहिली मानकरी मोठी जाऊ असते आणि ती रांगेत शेवटी उभी राहिली म्हणून तिचा मान जात नाही. मी वाकून तुझ्या पाया पडले. तू वाण घेतलंस, ताटातला तीळगूळ तोंडात टाकलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "कडक झालाय." मग आलीस तशी गेलीस.

त्याचा व्हिडिओ दोन्ही गटांच्या मोबाइलवर फिरला. यांचे लोक म्हणाले, ती शरण आली. तुमचे म्हणाले, हिने पाय धरले. त्या रात्री तुला दादांनी काय ऐकवलं असेल ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच ऐकवलं गेलं. आपण काय केलं ते त्या दोन घरांत, दोन गटांत, दोन टीव्हींसमोर एकालाही कळलं नाही. तुझे आभार मानायचे राहिले. तीळगूळ कडक झाला नव्हता, हेही सांगायचं राहिलं.

मतदानाच्या संध्याकाळी तू जाळीपाशी आलीस.

"मी तुला दिलं ग. तू?"

"मतदान गुप्त असतं."

"म्हंजी सोताला," म्हणालीस आणि एवढी हसलीस की गाई उठून उभ्या राहिल्या. हो, स्वतःलाच. उमेदवाराने स्वतःला मत द्यायचं असतं.

मी निवडून आले. आमच्या अंगणात गुलाल, ढोल, जेसीबीवरून फुलं. तो धुरळा खाली बसायच्या आधी डोक्यावरून झेला आला आणि त्यात पेढे. हरलेल्या घरातून जिंकलेल्या घरात. कार्यकर्ते बघत राहिले. एकाने तर ते पेढे आधी कुत्र्याला घालून बघू असं सुचवलं. मी त्याच्यासमोर दोन खाल्ले.

त्यानंतर रोज संध्याकाळी तुझा एकच प्रश्न. "आज बोललीस का?"

"विषयच नव्हता."

"विषय लागतो व्हय बोलायला? तुझ्या नवऱ्याला कुठं लागतोय?"

तू बघत होतीस. मी सभेला जायचे, हे शेजारच्या खोलीत बसायचे, सही कुठे करायची ते बाहेर येऊन सांगायचे. चहा मला आधी मिळायचा. गाडीचं दार कुणीतरी उघडून धरायचं. वेगळा कप्पा, चारा, पाणी, सगळं वेळच्या वेळी. तू मला कधी तोंडावर शेळी म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी भांडले असते, आणि भांडण पुढे गेलं असतं.

त्या सकाळी मी रोपांना पाणी घालत होते. तुझ्या गोठ्यात बादली पडल्याचा आवाज झाला. बघितलं तर तू गाईच्या पुढ्यात आडवी. दादा गावात गेलेले, हेही घरी नाहीत. मी जाळी धरून ओरडले. तुझा हात हलला, की मला तसं वाटलं. मी पळाले, फाट्यापर्यंत, उसाच्या कडेने, पट्टा न घालता. पोचले तेव्हा गाय तुझ्या केसांना हुंगत होती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली, तो वळसा नसता तरी फरक पडला नसता. मी व्यवहारी बाई आहे, डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. पण तू पडलीस आणि तुझ्याजवळ माणूस नव्हतं, तेवढा वेळ त्या दोन जाळ्यांनी नेला. तो कुठल्या डॉक्टरच्या हिशेबात येत नाही. झेल्यातून माणूस येत नाही, हे तू मला रोज सांगत होतीस.

परवाच्या सभेत मी उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. शेतीला दिवसा वीज द्या, बिबट्याच्या भागात माणसं अंधारात पाणी धरायला जातात, असं म्हणाले. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही खुर्चीच बोलली. गटविकास अधिकारी म्हणाले, "ताई, लेखी द्या." मग पुढचा विषय निघाला. एवढंच झालं. शेळी एकदा ओरडली असं तू म्हणशील. म्हण. दार उघडलं नाही, हेही मला दिसतं. पण मी आत आहे आणि अजून ओरडते आहे, एवढं माझ्या बाजूने धर.

काल दुपारी रोपवाटिकेतला, शेडनेटची तार कापायचा कटर घेतला आणि आमच्या बाजूची जाळी कापली, माणूस जाईल एवढी. हे ओट्यावर बसले होते. "काय चाललंय?" म्हणाले. मी म्हणाले, "फाटक." ते उठून आत गेले आणि त्यांनी टीव्ही लावला. शकीलभाईंना फोन करून चौकटीचं माप दिलं. ते म्हणाले, "एक का दोन?" मी म्हणाले, आधी एक.

कारण दुसरी जाळी माझी नाही. मी त्या मधल्या पट्टीत जाऊन उभी राहिले, गुडघाभर गवतात. पुढे तुझी जाळी, मागे माझी. ती कापायला हात लावला असता तर आणखी एक वर्ष तेच चाललं असतं, दोन गट, पंचनामा, व्हिडिओ. पलीकडे दादा गोठ्यात होते. त्यांना धार नीट जमत नाही, गाय सारखी पाय झाडते. त्यांनी मला बघितलं आणि मान खाली घातली. आम्ही पाडव्यापासून एकमेकांशी बोललो नाही.

पेढ्यांच्या दिवसापासून झेला आमच्याकडेच राहिला होता, आंब्याला टेकवून. मी तो आणला, पिशवीत कटर ठेवला आणि जाळीवरून पलीकडे सोडला, गोठ्याच्या दारापाशी, दादांना दिसेल असा. काठीवरचा हात काढून घेतला आणि घरी आले.

आज सकाळी बघितलं. झेला तिकडेच आहे, आडवा. पिशवीत कटर दिसत नाही. जाळी तशीच आहे. मी रोपांना पाणी घालते आहे, अक्का, आणि पाण्याचा पाइप मुद्दाम बारीक सोडलाय, पलीकडे तार तुटली तर ऐकू यावी म्हणून.